लहान जनित्र, घरची तारजोडणी आणि ‘अडॅप्टर’

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वादळ, हिमपात अथवा कडाक्याची थंडी यांमुळे वीजपुरवठा खंडित होणे ही विरळा घटना नव्हे. २०१२ मधील ‘सँडी’ आणि २०१७ मधील ‘अर्मा’ ही चक्रीवादळे, तसेच फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यावर आलेली शीतलहर, या प्रत्येक प्रसंगी लक्षावधी घरे अंधारात होती. एकट्या टेक्सासमध्ये ४० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली होती. अशा अनुभवानंतर सामान्य गृहस्थ पेट्रोलवर चालणारे, हाताने उचलता येण्याजोगे एक लहान जनित्र विकत घेतो. ते घरी आणल्यावर त्याच्या ध्यानात येते की, जनित्रावरील सॉकेटाची ठेवण एका प्रकारची आहे आणि घराच्या बाहेरील भिंतीवर बसविलेल्या जोडाची ठेवण दुसऱ्या प्रकारची. या दोहोंच्या मध्ये बसणारा एक आखूड जोड बाजारात अल्प किमतीस मिळतो. त्यास अडॅप्टर म्हणतात. प्रस्तुत लेखाचा विषय हा जोड होय.

हा विषय विद्युतशास्त्राचा आहे, भाषाशास्त्राचा नव्हे, असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्लग आणि सॉकेट यांच्या आकारांची व्यवस्था बारकाईने पाहू लागले असता ती एक चिन्हव्यवस्था आहे असे दिसून येते. आणि ज्या अपघातांची भीती बाळगावयाची, त्यांतील कित्येकांच्या मुळाशी या चिन्हांचे चुकीचे वाचन असते. काही ठिकाणी तर गैरसमजाचे मूळ थेट शब्दांतच सापडते.

प्रथम ‘अडॅप्टर’ हा शब्दच घ्यावा. आजच्या मराठीत तो सर्रास वापरला जातो, पण बहुधा एका विशिष्ट अर्थाने. भ्रमणध्वनी किंवा लहान संगणक भारित करण्यासाठी भिंतीत खोवावयाची जी डबी असते, ती अडॅप्टर. या डबीत २३० व्होल्ट दाबाच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे थोड्या व्होल्टांच्या एकदिश प्रवाहात रूपांतर होते. म्हणजे मराठी भाषकाच्या मनात अडॅप्टर ही विजेचे स्वरूप पालटणारी वस्तू आहे. अमेरिकेतील जनित्राचा अडॅप्टर असे काहीही करीत नाही. त्याच्या एका टोकास एका आकाराची पाती, दुसऱ्या टोकास दुसऱ्या आकाराची छिद्रे आणि मध्ये तांब्याच्या तारा, एवढाच त्याचा संसार. दाब, प्रवाह, फेजांची संख्या यांपैकी काहीच तो बदलीत नाही. या दोन अर्थांतील घोटाळ्याचा फटका प्रवाशांना नेहमी बसतो. अमेरिकेतून आणलेले, केवळ १२० व्होल्टांसाठी बनविलेले केस वाळविण्याचे यंत्र पुण्यात केवळ आकार बदलणारा जोड लावून चालविले की, ते पाहता पाहता जळते. जोड लावला म्हणजे वीज ‘जुळवून’ घेतली गेली, ही समजूत त्या शब्दाने पुरविलेली असते. पुढे ज्या जोडण्यांचा विचार करावयाचा आहे, तेथे या समजुतीचे मोल केसाच्या यंत्रापेक्षा पुष्कळ जास्त आहे.

आता आकारांच्या व्यवस्थेकडे वळावे. ओढून वेगळा करता येणारा प्लग ही गोष्ट तुलनेने अलीकडची आहे. अमेरिकेत हार्वी हबेल यांना अशा प्लगचे एकस्व १९०४ मध्ये मिळाले. तत्पूर्वी घरात वीज होती ती प्रामुख्याने दिव्यासाठी, आणि इतर उपकरणे दिव्याच्या होल्डरमधूनच वीज घेत. पुढे आकारांची संख्या वाढली आणि तेथील विद्युतसाहित्य उत्पादकांच्या राष्ट्रीय संघाने, म्हणजे ‘नेमा’ने, त्यांना क्रमांक देऊन एक पद्धती लावली. ही पद्धती व्याकरणाच्या अभ्यासकास परिचित वाटेल अशी आहे. ५-१५ या क्रमांकाच्या प्लगला दोन उभी समांतर पाती व एक भूसंपर्काचा खुंट असतो; अर्थ असा की १२५ व्होल्टांपर्यंत, १५ अँपिअर. यांपैकी केवळ एक पाते ९० अंशांत वळवून आडवे केले की ५-२० होतो: दाब तोच, प्रवाह २० अँपिअर. दोन्ही पाती आडवी केली की ६-१५: प्रवाह पुन्हा १५, परंतु दाब २५० व्होल्टांपर्यंत. ‘पाट’ आणि ‘पाठ’ या शब्दांत एका महाप्राणाने जो भेद होतो, तोच येथे एका पात्याच्या वळणाने साधला आहे. शिवाय हा भेद एकेरी आहे. २० अँपिअरच्या सॉकेटात १५चा प्लग जातो, कारण त्या सॉकेटाचे एक छिद्र इंग्रजी ‘टी’ या अक्षरासारखे असते. परंतु १५ अँपिअरच्या सॉकेटात २०चा प्लग जात नाही. कमी मागणाऱ्याला जास्त देऊ शकणाऱ्याच्या दारी जाण्याची मुभा आहे, उलट नाही.

भारतातील तीन वाटोळ्या खुंटांच्या प्लगांत हेच कार्य जाडीवर सोपविले आहे. भारतीय मानकातील ६ अँपिअरचा बारीक आणि १६ अँपिअरचा जाड, दोहोंतही भूसंपर्काचा खुंट लांब व जाड. आपल्याकडील पुष्कळ सॉकेटांत दोन्ही प्लग बसावेत अशी जोडछिद्रे असतात. सोय झाली हे खरे, पण आकाराने जे सांगावयाचे ते अर्धे तेथेच पुसले गेले.

जनित्रांच्या संदर्भात आणखी तीन आकार महत्त्वाचे आहेत. ‘एल ५-३०’ हा फिरवून अडकविण्याचा, तीन तारांचा जोड: एक फेज, एक न्यूट्रल, एक भूसंपर्क, १२० व्होल्ट, ३० अँपिअर. ‘टीटी-३०’ हा प्रवासी निवासगाड्यांसाठी असलेला जोड विद्युतदृष्ट्या त्याच्याशी समानार्थी आहे, फक्त आकार निराळा. ‘एल १४-३०’ मात्र चार तारांचा आहे: दोन फेज, एक न्यूट्रल, एक भूसंपर्क. घरासाठी जो प्रवेशजोड भिंतीवर बसविलेला असतो तो बहुधा या शेवटच्या प्रकारचा. आणि लहान जनित्रावर बहुधा पहिल्या दोहोंपैकी एक, किंवा नुसते ५-२० सॉकेट असते.

एल ५-३० पासून टीटी-३० कडे जाणारा अडॅप्टर निरुपद्रवी आहे. तो एका समानार्थी शब्दाऐवजी दुसरा ठेवण्यासारखा आहे. जनित्राच्या २० अँपिअरच्या सॉकेटातून ३० अँपिअरच्या जाड केबलकडे जाणाऱ्या अडॅप्टराबद्दलही फारशी चिंता करण्याचे कारण नाही, कारण जनित्रावरील २० अँपिअरचा ब्रेकर आधी सुटतो आणि जाड तारेवर तिच्या सहनशक्तीपेक्षा कमीच भार पडतो. उलट दिशा मात्र घातक. ३० अँपिअरच्या सॉकेटातून अडॅप्टर लावून १५ अँपिअरची बारीक केबल ओढली, तर त्या केबलीवर २५ अँपिअर वाहू लागले तरी जनित्राच्या ब्रेकराला त्यात गैर काही दिसत नाही. अमेरिकी मोजणीत ३० अँपिअरसाठी १० क्रमांकाची तांब्याची तार लागते, १५ साठी १४ क्रमांकाची. क्रमांक वाढेल तशी तार बारीक होते, हेही नवख्याला फसविणारे एक चिन्ह. अशी केबल गालिच्याखालून किंवा गुंडाळलेल्या स्थितीत वापरली की, ती तापून पेट घेते. ज्या अडॅप्टरांच्या पेटीतच लहान ब्रेकर बसविलेले असतात ते या दोषातून मुक्त असतात. ज्यांत ते नसतात ते या दिशेने वापरू नयेत.

परंतु सर्वांत विचार करण्याजोगा अडॅप्टर तीन तारांचा चार तारांशी मेळ घालणारा आहे. त्याचे कार्य समजण्यासाठी अमेरिकेतील घरगुती पुरवठ्याची रचना ध्यानात घेतली पाहिजे. तेथे खांबावरील रोहित्राच्या दुय्यम वेटोळ्याच्या दोन टोकांपासून दोन फेज-तारा निघतात आणि वेटोळ्याच्या मध्यबिंदूपासून न्यूट्रल. कोणतीही एक फेज व न्यूट्रल यांमध्ये १२० व्होल्ट, दोन फेजांमध्ये २४० व्होल्ट. दिवे, शीतकपाट वगैरे १२० व्होल्टांवर चालतात. पाणी तापविण्याचे व कपडे वाळविण्याचे यंत्र २४० वर. दोन्ही फेजांचे दाब एकमेकांच्या विरुद्ध हेलकावे घेत असतात: एक चढतीवर असते त्या क्षणी दुसरी तितकीच उतरतीवर.

या विरोधाचा लाभ घेऊन तेथील अनेक घरांत तारेची काटकसर केलेली आहे. दोन निरनिराळ्या फेजांवरील दोन परिपथांना मिळून एकच न्यूट्रल दिलेली असते. पहिल्या परिपथावर १२ अँपिअर व दुसऱ्यावर १० अँपिअर प्रवाह असला, तर सामाईक न्यूट्रलवर त्यांची बेरीज न होता वजाबाकी होते आणि केवळ २ अँपिअर परततात. कितीही भार असला तरी न्यूट्रलवरील प्रवाह एका परिपथाच्या मर्यादेबाहेर जाऊ शकत नाही. म्हणून न्यूट्रलला स्वतंत्र ब्रेकर नसतो. त्याची गरजच नसते.

आता लहान जनित्र येथे आणावे. त्याच्याजवळ एकच फेज आहे. घराचा प्रवेशजोड दोन मागतो. तीन तारांच्या जोडास चार तारांच्या जोडाशी जुळविणारा अडॅप्टर आपल्या पोटात एक तांब्याची पट्टी घालून त्या एकाच फेजेच्या दोन फेजा करतो. घराच्या दोन्ही बाजूंना वीज पोचते, सर्व दिवे लागतात आणि गृहस्थ संतुष्ट होतो. २४० व्होल्टांची यंत्रे चालत नाहीत, कारण दोन्ही ‘फेजां’मध्ये आता काहीच अंतर उरलेले नसते, पण तो दोष उघड दिसणारा असल्यामुळे निरुपद्रवी आहे. न दिसणारा दोष न्यूट्रलवर आहे. दोन्ही परिपथ एकाच फेजेवर आल्यामुळे वजाबाकीची बेरीज झाली. वरील उदाहरणातील १२ आणि १० मिळून २२ अँपिअर आता १५ अँपिअरसाठी घातलेल्या तारेतून परततात. दोन्ही ब्रेकर आपापल्या मर्यादेत असल्यामुळे स्वस्थ राहतात, आणि भिंतीच्या आतील तार तापत राहते. ध्वनिविचारात दोन ध्वनींमधील विरोध विशिष्ट स्थानी मावळतो तेव्हा अभ्यासक त्यास भेदलोप म्हणतात. येथे झाला तो नेमका भेदलोप. फक्त तो ज्या भेदावर इतर रचना उभी होती त्याचा झाला.

धोक्याचे प्रमाण जनित्राच्या आकारावर अवलंबून आहे, हे सांगितल्याशिवाय ही चर्चा न्याय्य होणार नाही. २,००० वॅटचे जनित्र १२० व्होल्टांवर १६ ते १७ अँपिअर देते; त्याहून अधिक देण्याची त्याची ताकदच नसल्याने १५ अँपिअरच्या न्यूट्रलवर पडणारा जादा भार किरकोळ राहतो. ३,६०० वॅटचे जनित्र पुरते ३० अँपिअर देते, आणि मग त्या तारेवर दुप्पट भार पडू शकतो. अशा घरात हा अडॅप्टर वापरण्यापूर्वी वीजफलक जाणत्या तारतंत्र्याकडून उघडवून कोणते परिपथ सामाईक न्यूट्रलवर आहेत ते पाहून घ्यावे. जेथे एका केबलीत काळी व तांबडी अशा दोन फेज-तारा आणि एकच पांढरी तार दिसते, तेथे हा प्रकार असण्याचा संभव असतो. अशा प्रत्येक जोडीतील एक ब्रेकर जनित्र चालू असेपर्यंत बंद ठेवला की प्रश्न सुटतो. त्याहून बरे म्हणजे एकच फेज गृहीत धरून निवडक परिपथांसाठी बनविलेला बदलखटका बसविणे.

प्रवेशजोड मुळीच नसलेल्या घरातील गृहस्थ याहून भयंकर मार्ग शोधतो. जनित्राच्या सॉकेटातून निघालेली केबल भिंतीतील सॉकेटात घालावयाची, तर दोन्ही टोकांस पाती असलेली केबल लागते. मराठीत बिजागरी व मळसूत्र यांच्या संदर्भात नर-मादी ही परिभाषा जुनीच आहे आणि वीजकामातही ती इंग्रजीच्या द्वारे आली. या परिभाषेचा विद्युतशास्त्रातील खरा आशय असा की, देणारा नेहमी छिद्रांचा असतो आणि घेणारा पात्यांचा. जिवंत वीज कधीही उघड्या पात्यांवर असू नये. वाक्यात कर्ता आणि कर्म यांची विभक्ती अदलाबदल व्हावी तसे दोन्ही टोकांस पाती असलेल्या केबलीत घडते. भिंतीतून ती निसटली की, हातातील उघड्या पात्यांवर १२० किंवा २४० व्होल्ट असतात. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०२२ मध्ये अशा केबली वापरणे तत्काळ थांबविण्याचा इशारा दिला. तिला तेथील बोलीत आत्महत्येची दोरी या अर्थाचे नाव आहे. लोकांनी ठेवलेली नावे पुष्कळदा परिभाषा समित्यांच्या नावांहून अचूक असतात, त्याचे हे उदाहरण.

या केबलीमुळे केवळ घरातील माणसाचा जीव धोक्यात येतो असे नाही. मुख्य ब्रेकर चालू राहिल्यास जनित्राची वीज घरातून उलट रस्त्यावरील वाहिनीत जाते. रोहित्राला दिशा कळत नाही. जे रोहित्र ७,२०० व्होल्टांचे २४० करते, तेच उलट बाजूने २४० चे ७,२०० करते; प्रमाण एकास तीस. वाहिनी मृत आहे असे समजून खांबावर चढलेल्या कामगाराच्या हाताशी ही वीज येते. यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो: एवढेसे जनित्र सबंध आळीचा भार कसा पेलणार, ते तत्क्षणी बंद पडेल. आळीच्या तारा शाबूत असतील तर हा युक्तिवाद खरा आहे. पण वीज गेली ती बहुधा तार तुटल्यामुळेच. ती घराजवळच तुटली असेल, तर जनित्रासमोर आळीचा भार नसतो. असते ते केवळ एक रोहित्र आणि तुटलेल्या तारेचा लोंबता तुकडा. एवढ्यासाठी दोन हजार वॅट पुष्कळ झाले. आणि दुरुस्तीचा कामगार येणार तो नेमका त्या तुकड्यापाशी.

म्हणून अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता, जिची पहिली आवृत्ती १८९७ मध्ये निघाली, घरच्या तारजोडणीला पर्यायी जनित्र जोडावयाचे तर दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले जाऊ नयेत अशी साधने मागते. महाराष्ट्रात दुकाने, दवाखाने व गृहनिर्माण संस्था यांत दिसणारा ‘चेंजओव्हर’ हा याच कुळातला: दांडा एका बाजूस असला की मंडळाची वीज, दुसऱ्या बाजूस असला की जनित्राची, मध्ये असला की काहीच नाही. अमेरिकेत त्याला एक स्वस्त पर्याय रूढ आहे. वीजफलकावर एक सरकती धातूची पट्टी बसवितात. मुख्य ब्रेकर चालू असेतो ती जनित्राच्या ब्रेकराला वर सरकू देत नाही, आणि उलटपक्षीही तसेच. तीन तारांचा चार तारांशी मेळ घालणारा अडॅप्टर अशा पट्टीवाचून वापरणे हा दुहेरी प्रमाद होय, कारण त्याच्या पोटातील पट्टीने दोन्ही फेजा एकत्र बांधलेल्या असतात; त्या अवस्थेत मंडळाची वीज परत आली तर २४० व्होल्टांचा सरळ लघुपरिपथ होतो.

यानंतर भूसंपर्काचा विषय येतो, आणि येथे मराठी भाषकाची एक खास अडचण आहे. आपल्याकडील तारतंत्री हिरव्या तारेस ‘अर्थ’ किंवा ‘अर्थिंग’ म्हणतो. आशयवाचक संस्कृत ‘अर्थ’ व भूमिवाचक इंग्रजी ‘अर्थ’ यांची देवनागरीत गाठ पडली ही गमतीची गोष्ट सोडून देऊ; अडचण निराळी आहे. ‘अर्थिंग’ म्हटले की वीज जमिनीत ‘जिरते’ अशी कल्पना मनात येते. अमेरिकी इंग्रजीतील ‘ग्राउंड’ या शब्दाचीही तीच गत आहे. या कल्पनेपायी पुष्कळ लोक जनित्राशेजारी एक लोखंडी सळई ठोकतात आणि निश्चिंत होतात. हिशेब करून पाहावा. राष्ट्रीय संहितेत एकट्या भूदंडाच्या रोधासाठी २५ ओहम हा आकडा येतो. १२० व्होल्टांना २५ ने भागले असता ४.८ अँपिअर येतात. एवढ्या प्रवाहाने १५ अँपिअरचा ब्रेकर कधीच सुटणार नाही. यंत्राचे धातूचे आवरण जिवंतच राहील. हिरव्या तारेचे खरे काम मातीत जाणे नसून दोषप्रवाहाला अल्प रोधाच्या वाटेने उगमाकडे, म्हणजे जनित्राच्या वेटोळ्याकडे, परत नेणे हे आहे. त्यासाठी न्यूट्रल व भूसंपर्क यांची कोठेतरी गाठ असावी लागते. ती एकाच ठिकाणी असावी, हा नियमाचा दुसरा अर्धा भाग.

घराच्या मुख्य वीजफलकात ही गाठ असतेच. बांधकामावर वापरावयाच्या जनित्रांत ती बहुधा जनित्राच्या आतही असते. लहान, शांत, इन्व्हर्टर जातीच्या जनित्रांत बहुधा नसते. पहिल्या जातीचे जनित्र घराला जोडले आणि बदलखटका न्यूट्रल तोडीत नसला, तर गाठी दोन होतात. परतीचा प्रवाह न्यूट्रल व हिरवी तार यांत विभागला जातो, आणि जनित्रावर गळतीरक्षक सॉकेट असल्यास ते वरचेवर सुटू लागते. लोक यास जनित्राचा दोष समजतात व गळतीरक्षकच काढून टाकतात. योग्य उपाय म्हणजे न्यूट्रलही तोडणारा बदलखटका, किंवा निर्मात्याच्या सूचनेनुसार जनित्रातील गाठ सोडविणे. दुसऱ्या जातीच्या जनित्राला घराच्या फलकातील एक गाठ पुरते. परंतु येथेही एक अडॅप्टर लुडबुड करतो. निवासगाडीतील संरक्षक उपकरणे गाठ नसलेल्या जनित्रावर चालण्याचे नाकारतात, म्हणून एक नुसता प्लग मिळतो: त्यात न्यूट्रल व भूसंपर्क आतल्या आत जोडलेले. तो जनित्राच्या रिकाम्या सॉकेटात खोवला की गाठ तयार. गाडीसाठी तो योग्य आहे. सहलीहून आल्यावर तो तसाच राहिला आणि वादळात तेच जनित्र घराला जोडले, तर दोन गाठी झाल्या आणि हिरव्या तारेवर कायमचा प्रवाह वाहू लागला. दिसावयास तो बाळगोपाळांपासून सॉकेट झाकण्याच्या टोपणासारखा असतो, म्हणून ध्यानात राहत नाही.

विजेशी संबंध नसलेला, पण जनित्राशी निगडित असा आणखी एक धोका कार्बन मोनॉक्साइडचा. वर उल्लेखिलेल्या ग्राहक आयोगाची सूचना जनित्र घरापासून किमान २० फूट, म्हणजे सुमारे सहा मीटर, दूर व धुराड्याचे तोंड घराच्या उलट दिशेस ठेवावे अशी आहे. केबलीची लांबी या अंतरावरून ठरवावी, केबलीवरून अंतर ठरवू नये.

जोडणीचा क्रमही निश्चित आहे. जनित्र बंद असताना केबल दोन्ही टोकांस घट्ट फिरवून बसवावी. फलकातील मुख्य ब्रेकर खाली करावा, नंतर सर्व परिपथांचे ब्रेकर खाली करावेत, पट्टी सरकवावी. जनित्र सुरू करून ते स्थिर झाल्यावर त्याचा ब्रेकर वर करावा आणि परिपथ एकेक करून चढवावेत; शीतकपाटासारखे चालू होताना अधिक प्रवाह ओढणारे यंत्र आधी, दिवे नंतर.

राष्ट्रीय संहिता आणखी एक गोष्ट मागते: घरात पर्यायी पुरवठ्याची सोय असल्यास तो कोणत्या प्रकारचा व कोठे आहे हे सांगणारी पाटी मुख्य वीजफलकाशी असली पाहिजे. अमेरिकेतील मराठी घरांत वडीलधाऱ्यांसाठी अशी पाटी मराठीत लिहावयाची झाल्यास एका शब्दाविषयी सावध राहणे अवश्य आहे. तो शब्द ‘बंद’. घरगुती मराठीत खटका बंद म्हणजे वीज थांबलेली. पदार्थविज्ञानाच्या मराठी लेखनात इंग्रजीच्या अनुकरणाने ‘बंद परिपथ’ असा प्रयोग येतो, आणि तेथे त्याचा अर्थ परिपथ पूर्ण झाला, वीज वाहत आहे, असा नेमका उलट असतो. एकाच घरात आजोबा पहिल्या अर्थाने आणि महाविद्यालयात शिकणारी नात दुसऱ्या अर्थाने हा शब्द वाचू शकते. तेव्हा पाटीवर ‘मुख्य ब्रेकर बंद करावा’ असे न लिहिता ‘मुख्य ब्रेकरचा दांडा खाली ओढावा’ असे लिहिणे बरे. आणि फलकावर दांडे आडवे बसविलेले असतील, तर ‘खाली’ ऐवजी ‘बाहेरच्या बाजूस’.